एका खोलीतली विज्ञानकथा: संवादांवर उभा राहणारा सिनेमा कमी पैशांत कसा करायचा

२००७ सालचा ‘द मॅन फ्रॉम अर्थ’ सुमारे दोन लाख डॉलरमध्ये आणि आठ दिवसांच्या चित्रीकरणात झाला, तोही हातात मावणाऱ्या पॅनासॉनिक व्हिडिओ कॅमेऱ्यांवर. गाव सोडून निघालेला एक प्राध्यापक निरोप द्यायला आलेल्या सहकाऱ्यांना सांगतो, की आपण चौदा हजार वर्षं जगतोय. पुढचा जवळजवळ सगळा सिनेमा म्हणजे त्या एका घरातलं बोलणं. त्याच्या तीन वर्षं आधी शेन कॅरूथने ‘प्रायमर’ सात हजार डॉलरमध्ये केला आणि सनडान्स महोत्सवाचं मुख्य पारितोषिक मिळवलं. जेम्स वॉर्ड बर्किटने ‘कोहिरन्स’ पाच रात्रींत स्वतःच्याच घरात चित्रित केला.

या सिनेमांची ओढ कशात आहे, ते नीट समजून घेतलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. इथे प्रेक्षकाला काम मिळतं. पडद्यावर यान दिसलं की तो ते बघतो आणि मान्य करतो. पण कुणी नुसतं सांगितलं, तर तो तपासायला लागतो: हा खोटं बोलतोय का, मघाशी काय म्हणाला होता, समोरचीने विचारलेला प्रश्न बरोबर होता का. ही तपासणी नव्वद मिनिटं चालू ठेवणं एवढंच दिग्दर्शकाचं काम. त्यासाठी दोन गोष्टी पक्क्या लागतात. गोष्टीतली अशक्य गोष्ट कशी चालते याचा नियम काटेकोर असला पाहिजे आणि प्रत्येक शब्द ऐकू आला पाहिजे. मराठीत तयारीचे नट आहेत, एकांकिकांमुळे महिनाभर तालीम करायची सवय आहे, विज्ञानकथेची परंपरा आहे. प्रयत्न फसतात ते याच दोन जागी.

आधी नियम

अशक्य गोष्ट एकच घ्या आणि ती एका वाक्यात लिहा. वाक्यात ‘आणि’ आला तर बहुधा दोन गोष्टी झाल्या. समजण्यासाठी एक उदाहरण सोबत ठेवू: पुण्यातलं जुनं घर विकायच्या आदल्या रात्री भावंडं तिथे जमली आहेत. घरातल्या लँडलाइनवर उद्या रात्रीचे फोन आज येतायत.

आता नियमांचा कागद करा. फोन बरोबर २४ तास पुढून येतो. इकडून तिकडे लावता येत नाही. फक्त याच फोनवर येतो, मोबाइलवर नाही. बोलणं नव्वद सेकंदांत तुटतं. कारण सांगायची गरज नाही, पण वागणूक बदलता कामा नये. कागदावर पाचपेक्षा जास्त नियम झाले तर प्रेक्षक ते लक्षात ठेवणं सोडून देतो, आणि एकदा त्याने सोडलं की पुढचा सिनेमा त्याच्यासाठी नुसती बडबड ठरतो. लेखक अडला म्हणून चाळिसाव्या पानावर सहावा नियम येणं हा या प्रकारातला सगळ्यात घातक दोष आहे. अडलात तर मागे जा आणि तो नियम पहिल्या दहा पानांत रुजवा.

नियमाची चाचणी खोलीतच करता आली पाहिजे. पहिला फोन म्हणतो, ‘नऊ चाळीसला लाइट जातील.’ जातात. इथे सगळ्यांनी थक्क होऊन चालणार नाही. वहिनी म्हणेल, ‘महावितरणचा मेसेज दुपारीच आला होता.’ प्रत्येक पुराव्याला सुरुवातीला साधं स्पष्टीकरण हवं. दुसऱ्या पुराव्याचं स्पष्टीकरण थोडं ओढूनताणून यावं, तिसऱ्याचं सापडूच नये. ‘द मॅन फ्रॉम अर्थ’मध्ये दावा करणारा माणूस पुरावा देऊच शकत नाही आणि ऐकणाऱ्यांना तो खोडताही येत नाही. त्या दोन्हींमधल्या जागेतच सिनेमा उभा आहे.

नियमाची किंमत त्या माणसांनाच मोजावी लागली पाहिजे. उद्याचा फोन शेअरबाजाराचा आकडा सांगू लागला तर गोष्ट घराबाहेर पळते. तो सांगतो की सकाळी अकराला रजिस्ट्रारच्या ऑफिसात कुणीतरी सही करणार नाही, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायला लागतो.

शेवटचा प्रश्न: ही माणसं उठून जात का नाहीत? याचं उत्तर पहिल्या पाच मिनिटांत हवं. ‘कोहिरन्स’मध्ये धूमकेतू जवळून जातोय, वीज गेलीय, मोबाइल बंद पडलेत. आपल्या उदाहरणात सकाळी सही आहे आणि घरात एकच किल्ली आहे. पाऊस पडतोय, हे कारण पुरत नाही. पावसातही रिक्षा मिळते.

दुसऱ्याची कथा घ्यायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. मराठी विज्ञानकथांत एका खोलीत मावणाऱ्या कितीतरी कल्पना आहेत, पण भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो आणि तोवर वारसांची सही लागते. चित्रीकरण झाल्यावर परवानगी मागायला जाणं म्हणजे सगळा सिनेमा डब्यात घालायची तयारी ठेवणं.

पात्रं आणि बोलणं

चार ते सहा पात्रं घ्या. पाच माणसांत दोघादोघांच्या जोड्या दहा होतात, आठ माणसांत अठ्ठावीस. प्रत्येक जोडीचं नातं लिहावं लागतं आणि प्रत्येक जोडीची नजर कॅमेऱ्यात जुळवावी लागते. ‘कोहिरन्स’ने आठ माणसं पेलली, कारण तिथे गोंधळ हाच विषय होता.

प्रत्येकाची शंका त्याच्या कामातून आणि गरजेतून यावी. बँकेतून निवृत्त झालेला दादा फोनचं बिल आणि कनेक्शनची कागदपत्रं मागेल. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी ताई म्हणेल, ‘एका रीडिंगवर मी काही सांगत नाही.’ कर्जात बुडालेला धाकटा लगेच विश्वास ठेवेल, कारण त्याला ठेवायचाच आहे. शंका घेणारे मूर्ख दाखवले तर दावाही हलका होतो. संहितेवर रंगीत पेन घेऊन बसा: दावा करणारं वाक्य लाल, तपासणारं निळं, कुणाला तरी टोचणारं हिरवं. ज्या पानावर सलग दहा ओळी बिनरंगाच्या राहतात ते पान कापा.

समजावून सांगणारी भाषणं सगळ्यात आधी मरतात. ‘ताई, तुला माहीतच आहे, काळ म्हणजे चौथी मिती’ असं कुणी घरात बोलत नाही, आणि ताईला माहीत असेल तर सांगायचं कशाला? माहिती उलट्या बाजूने आत येऊ द्या:

‘कोण होतं?’
‘मीच.’
‘म्हणजे?’
‘माझाच आवाज होता. सर्दी झालेला.’

इथे नियम सांगितला गेला आणि एक धागाही बांधला गेला. रात्री दीड वाजता धाकटा भिजून येतो आणि शिंकतो, तेव्हा कुणी काही बोलायची गरज उरत नाही. अशा पेरलेल्या खुणा सिनेमाभर तीन ते चार पुरतात. खूण पेरणं आणि ती फळणं यांत किमान पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर प्रेक्षकाला दिग्दर्शकाचा हात दिसतो.

लांबी घड्याळावर मोजा. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशोब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक टायपावर आणि समासांवर बसवलेला आहे. देवनागरीत तो चालत नाही. संपूर्ण संहिता नटांकडून बसून वाचून घ्या, स्टॉपवॉच लावा आणि शांततेसाठी दहा टक्के वाढवा. वाचन सत्तर मिनिटांचं झालं तर सिनेमा साधारण पंचाहत्तर-ऐंशीचा होईल.

घर निवडताना

खोली किमान बारा बाय पंधरा फूट हवी आणि त्यातून आणखी एका खोलीचं दार दिसावं. कुणाला तरी उठून ‘आत’ जाता आलं पाहिजे, म्हणजे उरलेले त्याच्याविषयी बोलू शकतात. पांढऱ्या भिंती टाळा. प्रकाश सगळीकडे उडतो आणि चेहरे सपाट दिसतात. एक भिंत गडद करून घेतली तरी फरक पडतो. खोली एकच असल्याचा कंटाळा येईल ही भीती असते. ‘क्यूब’मध्ये (१९९७) चौदा फुटी एकच खोली बांधली होती आणि भिंतींतले रंग बदलून तिच्या असंख्य खोल्या केल्या होत्या. आपल्याकडे प्रकाशाच्या तीन अवस्था पुरतात: संध्याकाळचा खिडकीतला उजेड, ट्यूब आणि बल्ब, आणि लाइट गेल्यावरचा इमर्जन्सी लँप. बदल गोष्टीच्या वळणावर ठेवा.

घर पसंत करण्याआधी तिथे तीन वेळा जाऊन डोळे मिटून दहा मिनिटं बसा: सकाळी आठ, दुपारी चार, रात्री अकरा. पाण्याचा पंप कधी चालतो, लिफ्ट कुठे आहे, शेजारी कुकरच्या शिट्ट्या किती वाजता होतात, भजनाचा कार्यक्रम कोणत्या वारी असतो, हे लिहून घ्या. पत्र्याचं छप्पर असेल तर जून ते सप्टेंबर तिथे चित्रीकरण ठेवूच नका. पावसाचा आवाज दर टेकला वेगळा असतो आणि दोन टेक जोडले की तो मध्येच उडी मारतो.

आवाज: पैसे इथेच घाला

चित्र थोडं खरबरीत असलं तर लोक पाच मिनिटांत विसरतात. शब्द ऐकू आला नाही तर पाचव्या मिनिटाला बंद करतात. कॅमेरा ओळखीच्याकडून आणा, पण साउंड रेकॉर्डिस्टला पैसे देऊन बोलवा.

खोलीत मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे आवाजाची शेपूट ऐकू आली तर खोली घुमते. ओळखीपाळखीतून सहा-सात जाड गोधड्या आणि दोन सतरंज्या गोळा करा. कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर गोधड्या टांगा, टेबलाखाली सतरंजी घाला. छतही उघडं सोडू नका. चौकटीबाहेर एखादी गादी आडवी बांधता आली तर उत्तम. फोम चिकटवण्यापेक्षा गोधडी बरी, कारण कोन बदलला की ती दोन मिनिटांत हलवता येते.

प्रत्येक नटाला वेगळा लेपल माइक, म्हणजे कपड्यांना लावायचा छोटा माइक, वर एक बूम, म्हणजे दांड्यावरचा माइक, आणि प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. लेपल हनुवटीपासून वीतभर खाली, छातीच्या मधल्या हाडावर. कडक इस्त्रीची सुती साडी आणि सिल्कचा झब्बा माइकवर घासून करकर करतात. कपडेपट ठरवतानाच माइक लावून चालून बघा. बूम तोंडापासून दीड-दोन फुटांत. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. नेहमीच्या बोलण्याची शिखरं रेकॉर्डरच्या मीटरवर उणे बारा डेसिबलच्या आसपास. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर ओरडण्याच्या सीनला आवाज फाटू देत नाही, पण घुमणारी खोली आणि फ्रिजची घरघर तो जशीच्या तशी टिपतो.

टेकच्या आधी पंखा, एसी, फ्रिज, वाय-फायचा यूपीएस बंद. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्यातच ठेवा. रात्री घरी निघताना किल्ली काढायला जाल, तेव्हा फ्रिज चालू करायची आठवण होईल; नाहीतर घरमालकाचं दूध नासतं आणि दुसऱ्या दिवसाचं घर जातं. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद ठेवून दहा मिनिटांपेक्षा लांब टेक घेऊ नका. घाम पुसल्याने कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, बिघडते, शिवाय माइकची चिकटपट्टी सुटते.

दर सीननंतर सगळ्यांना जागेवर बसवून साठ सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करा. लोक घाईत हे टाळतात. ही शांतता नसेल तर संकलनात वाक्यांच्या मध्ये पोकळ भोकं पडतात आणि ती बुजवायला दुसरं काही चालत नाही. माणसं खोलीत असतानाच घ्यायची, कारण त्यांची शरीरंही आवाज शोषतात.

एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं हा घरातल्या भांडणाचा जीव आहे, आणि संकलकाची डोकेदुखीही. सगळे एकत्र दिसतात त्या लांब शॉटमध्ये मनसोक्त होऊ द्या. एकेकट्याच्या क्लोज-अपमध्ये मात्र समोरच्याने आपलं वाक्य संपेपर्यंत थांबायचं. दुसऱ्याचे शब्द क्लोज-अपच्या ट्रॅकवर सांडले, तर तो टेक कुठेच कापता येत नाही. एकमेकांवर चढणारे आवाज नंतर टेबलावर जुळवता येतात, सांडलेले वेगळे करता येत नाहीत.

कॅमेरा आणि प्रकाश

दोन सारखे कॅमेरे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग जुळवण्यात आठवडा जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर. एवढं पाळलं तर बल्बांची थरथर बहुतेक टळते. तरीही घरातले स्वस्त एलईडी आधी तपासून बघा.

टेबलाच्या वर मोठा कागदी कंदील टांगून त्यात चांगल्या प्रतीचा, रंग खरे दाखवणारा बल्ब लावा. उजेड चारी बाजूंना सारखा पडतो, त्यामुळे दर कोनाला दिवे हलवावे लागत नाहीत. एका दिवसात अकरा मिनिटांचा मजकूर उरकायचा असेल तर ही बचत फार मोठी आहे. अंधाराच्या सीनमध्येही एक दिवा प्रेक्षकाला दिसणारा ठेवा. सगळंच काळं करून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवला की चित्रात नुसते दाणे उरतात.

बसण्याची व्यवस्था वरून दिसेल तशी कागदावर काढा. दर दहा-बारा मिनिटांनी कुणाची तरी जागा बदलू द्या, आणि जागा बदलणं म्हणजे बाजू बदलणं असू द्या. दादा फोनजवळच्या खुर्चीत जाऊन बसला की घराचा कारभार त्याच्याकडे गेला, हे न सांगता कळतं. त्याच वेळी नजरेची रेषाही, म्हणजे कोण कुठल्या दिशेला बघतो तेही, मोडून नव्याने आखता येते. कॅमेरा उगाच फिरवू नका. ‘द व्हास्ट ऑफ नाइट’मध्ये टेलिफोन एक्स्चेंजवर बसलेल्या मुलीचा शॉट न तोडता कितीतरी वेळ चालतो, आणि पुढे फोनवरचा माणूस बोलत असताना पडदा चक्क काळा होतो. दिग्दर्शक अँड्र्यू पॅटरसनचा ऐकण्यावर तेवढा विश्वास होता.

तालीम आणि दिवसांचा हिशोब

तीन आठवडे तालीम, सात दिवस चित्रीकरण. शेवटची पाच सत्रं प्रत्यक्ष घरातच घ्या. रंगभूमीवरच्या नटांची एक सवय मोडावी लागते: शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणं. दोघांना हातभर अंतरावर बसवा, शेजारच्या खोलीत मूल झोपलंय असं सांगा आणि अख्खा प्रवेश तसाच करून घ्या. हशा येण्यासाठी घेतलेले थांबेही याच वेळी काढा.

नियमाबद्दलचं काही ज्ञान नटांपासून लपवता येतं. ‘कोहिरन्स’च्या बर्किटने आपल्या नटांना संहिता न देता रोज फक्त स्वतःच्या पात्रापुरत्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. पुराव्यांवर चालणाऱ्या गोष्टीत सबंध सिनेमा असा करणं धोक्याचं आहे, कारण एक चुकलेलं वाक्य नियम मोडतं. फोनवर काय ऐकू येणार, तेवढंच पहिल्या टेकपर्यंत लपवा.

चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने करा. एकाच घरात असल्याने ते परवडतं, आणि दाढीची खुंटं, चहाचे कप, थकवा आपोआप खरे येतात. कप, मेणबत्त्या आणि घड्याळांवर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला नेमा. भिंतीवरचं घड्याळ तर काढूनच टाका, गोष्टीला हवं असेल तेव्हाच ठेवा.

पैशांचा अंदाज: तेरा माणसं, सात दिवस, माणशी चारशे रुपये धरले तर चहा-जेवणाचे ३६,४०० होतात. यात काटछाट करू नका. रात्रीच्या चित्रीकरणात उपाशी माणसं वाक्यं विसरतात. पंचाहत्तर मिनिटांचा मजकूर, सरासरी चार टेक, दोन कॅमेरे म्हणजे दहा तासांचं चित्रण. सेकंदाला १०० मेगाबिटच्या दराने तासाला ४५ जीबी, म्हणजे ४५० जीबी. एक टीबीच्या दोन डिस्क घ्या, रोज रात्री दोन्हींवर उतरवा आणि दोन्ही वेगवेगळ्या घरी ठेवा.

संकलन

बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा जास्त वेळ ठेवा. दावा खरा की खोटा याचा निर्णय प्रेक्षक त्या चेहऱ्यावरून करतो. पहिला कट झाल्यावर तो एकदा पडदा झाकून नुसता ऐका. जिथे लक्ष उडतं तिथे बहुधा एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असते. दुसरी वेळ काढा. मग आवाज बंद करून बघा. सलग तीन मिनिटं कुणाचंच काही बदलत नसेल तर तो भाग भाषण झालाय.

संवादाखाली संगीत जवळजवळ नकोच. लागलंच तर संवादापेक्षा किमान अठरा डेसिबल खाली ठेवा, आणि त्यात मधल्या वरच्या पट्टीतली वाद्यं नसावीत, कारण व्यंजनं तिथेच ऐकू येतात. अंतिम मिश्रण मोबाइलच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून तपासा. बहुतेक लोक तसंच ऐकणार आहेत.

संहिता न वाचलेल्या पाच जणांना बोलवा. पंचविसाव्या मिनिटाला सिनेमा थांबवा आणि प्रत्येकाला कागदावर नियम लिहायला सांगा, एकमेकांशी न बोलता. तिघांनी चुकीचा लिहिला तर दोष संहितेतच आहे. उपाय बहुधा एका वाक्याचा असतो, आणि ते वाक्य ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याच्या किंवा बोलणाऱ्याच्या पाठीच्या शॉटवर बसवता येतं. पण ते त्याच खोलीत, त्याच माइकवर बोललेलं असावं लागतं. म्हणून घर परत करायच्या दिवशी, गोधड्या उतरवण्याआधी, सगळ्या नटांना बसवून संपूर्ण संहिता कॅमेऱ्याशिवाय एकदा रेकॉर्ड करून घ्या, आणि प्रत्येक नियम दोन-तीन वेगवेगळ्या शब्दांत म्हणवून घ्या.